आदर्श पित्याचं कपाट

करी रोड, मुंबई
१४ जानेवारी २०२५

ती. ताईस,

हितेंद्रचा साष्टांग नमस्कार.

आज संक्रांत. गोड बोलायच्या दिवशीच लिहायला बसलोय, म्हणजे उत्तरही गोड येईल अशी आशा. फोन केला की तुझं दूध उतू जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंयस हे निनादकडून कळलं. माझ्या सकाळच्या सुविचारांचा एवढा राग? लोक मागून घेतात गं.

विषय असा. मार्चमध्ये मला साठ पूर्ण होतायत. आमच्या टॉवरच्या हॉलमध्ये छोटासा समारंभ ठेवलाय. चाळ पाडली तरी मंडळ तेच आहे आणि सेक्रेटरी शिवाच आहे, तोच सगळं बघतोय. त्या दिवशी मला लेकीला, श्रेयाला, काहीतरी असं द्यायचंय जे जन्मभर पुरेल. लोक मुलांसाठी पैसा ठेवतात, मी विचार ठेवणार. चांगली, जीवनाला दिशा देणारी पुस्तकं. त्याग, संयम, नाती कशी जपावीत, असे विषय.

तू गिरगावच्या वाचनालयात काउंटरवर जन्म काढलास. तुझ्याशिवाय कोण निवडणार? कपाट तयार आहे, आमच्या घरातल्या हॉलच्या भिंतीला. एक अट मात्र आहे. इंटिरियरवाली म्हणाली की पुस्तकं मरून नाहीतर क्रीम रंगाची हवीत, नाहीतर ती सोफ्याशी भांडतील. तेवढं सांभाळ.

सोबत तिळगूळ.

तुझा धाकटा,
हितेंद्र


गिरगाव
२० जानेवारी

चि. हितेंद्र,

आशीर्वाद. तिळगूळ पोचला. तीळ नावाला आणि गूळ बेसुमार, थेट तुझ्या भाषणांसारखा.

सोफ्याशी न भांडणारी पुस्तकं हवीत म्हणतोस. अरे, जे पुस्तक सोफ्याशीसुद्धा भांडू शकत नाही, ते जगात जाऊन काय करणार? त्यापेक्षा उशा घे. त्याही मरून मिळतात, आणि लोक त्यांच्यावर डोकं तरी ठेवतात.

तुझ्या त्या ‘दिशा देणाऱ्या’ पुस्तकांबद्दल एक गोष्ट सांगते, काउंटरवर बसून शिकलेली. रहस्यकथा परत यायची तेव्हा शेवटच्या पानापर्यंत मळलेली असायची. तेलाचे डाग, चहाचे डाग, एकदा तर मधे वाळलेला बोंबील. जीवनाला दिशा देणारं पुस्तक परत यायचं तेव्हा पहिलं प्रकरण मळकं आणि पुढचं सगळं कोरं करकरीत. माणसाची सुधारायची ताकद तेवढीच. आणि ही पुस्तकं न्यायचं कोण? ज्याला दुसऱ्याला सुधारायचंय तो. सासू सुनेसाठी न्यायची, साहेब कारकुनासाठी. स्वतःसाठी नेलेलं मी पाहिलं नाही.

तेव्हा आधी माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं दे. तू स्वतः यातलं काय वाचलंयस? कपाटावरचं वॉर्निश सुकेपर्यंतचं वाचन धरायचं नाही. आणि दुसरं, लेकाला, निनादला, काय देणार आहेस? का विचारांची गरज घरात एकटीलाच आहे?

ताई


करी रोड
२९ जानेवारी

ती. ताईस,

तू नेहमी वाकड्यात शिरतेस. तरी सविस्तर उत्तर देतो.

वाचायला मला वेळ कुठे होता? विम्याच्या ऑफिसात सदतीस वर्षं लोकांच्या मरणाची कागदपत्रं वाचली, तेच माझं तत्त्वज्ञान. पण चांगलं काय हे ओळखायला वाचावं लागतंच असं नाही. हापूस बघूनच कळतो.

निनादचं वेगळं आहे. त्याला विचार देऊन भागणार नाही, त्याला उभं राहायचंय. त्याने कॅफेचं ठरवलंय. बँक कर्ज द्यायला तयार आहे, फक्त फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर हवा. तुला माहीतच आहे, मूळ खोली लक्ष्मीच्या वडिलांची, गिरणीच्या चाळीतली. त्यांच्यामागे ती लक्ष्मीच्या नावावर झाली, म्हणून टॉवरमधला फ्लॅटही तिच्या नावावर आला. ती गेल्यावर वारस आम्ही तिघं. मी निनादसाठी माझा हक्क सोडतोय. श्रेयाने हक्कसोडपत्रावर सही केली की झालं, रजिस्ट्रारकडचं किरकोळ काम आहे. नोकरी चांगली आहे तिची. माझगावला त्या लिली आंटीकडे खोली घेऊन मजेत राहते. उद्या लग्न होऊन जाईल, तिला काय करायचंय करी रोडला?

पण मी तिला रिकाम्या हाताने सही कर म्हणणारा बाप नाही. म्हणूनच तर हे ग्रंथ! समारंभात सर्वांसमोर ग्रंथ द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रारकडे जायचं. मन भरलेलं असतं तेव्हा माणूस चटकन सही करतो, हा माझा विम्यातला अनुभव.

आणि तुझं नाक फेंदारायच्या आत सांगतो. वडील गेल्यावर गावच्या घरावर तू नाही का सही केलीस? सावंतवाडीच्या कचेरीत दोन मिनिटांत काम झालं. मी तुला अबोली रंगाची साडी घेतली, विषय संपला. तुझं काय वाईट झालं? उलट माहेर टिकलं. तुझ्या वेळी साडी होती, आता मी ग्रंथ देतोय. घराणं केवढं पुढे आलंय, हे तुला दिसत नाही का?

निवड लवकर कळव. कपाट रिकामं बघून निनादने त्यात प्रोटीनचे डबे ठेवलेत.

हितेंद्र


गिरगाव
१५ फेब्रुवारी

चि. हितेंद्र,

तुझं पत्र वाचलं. पहिल्या दिवशी आईची आठवण आली. तिने अशा वेळी कुठली मालवणी शिवी हासडली असती तेही आठवलं, ‘शिरा पडो तुझ्या तोंडार’. मग शांत झाले, आणि वाटलं, तुझंच बरोबर आहे. साडीपासून ग्रंथापर्यंत आलो आपण, प्रगती नाही म्हणणारी मी कोण? त्या अबोलीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला, आणि माझे सगळे परकर त्या रंगाचे झाले. ग्रंथांचं तसं होत नाही. ते कुणी धूतही नाही आणि वापरतही नाही.

तर तुझ्या मनासारखी निवड केलीय. वाचनालय जुनी पुस्तकं काढून टाकतंय, त्यातलीच आहेत. त्यागावर एक ग्रंथ आहे, विटेएवढा जाड. संयमावर दोन भाग. एक आहे ‘स्त्रीने कमी बोलण्याचे फायदे’ अशा वळणाचं, लिहिणारे गृहस्थ मात्र सहाशे पानं बोललेत. सगळ्यांची बांधणी मरून. सोफा सुखी राहील. कुणीच कधी न नेल्यामुळे सगळी नवीकोरी आहेत. उद्या टेम्पोने येतील.

समारंभाला मी येणार नाही, गुडघे म्हणतात नको. पण तुमच्याकडे शुभसंदेश वाचायची पद्धत आहे ना, म्हणून माझा संदेश सोबत जोडलाय. शिवाला माईकवरून वाचायला दे. त्याआधी तू स्वतः तो शेवटपर्यंत वाच. काही चुकीचं वाटलं तर कळव, मी बदलून देईन. हे मी मनापासून सांगतेय. शेवटपर्यंत वाच.

ताई


करी रोड
२४ फेब्रुवारी

ती. ताईस,

काय लिहू? पुस्तकं पोचली, कपाटात अशी बसली की जणू त्यांच्यासाठीच भिंत बांधली होती. इंटिरियरवालीने फोटो काढून तिच्या पेजवर टाकलेत.

आणि तुझा संदेश! ‘लहानपणापासून माझ्या भावाला चार लोकांत उठून दिसण्याची ओढ, आणि आज खरोखरच तो उठून दिसतो आहे,’ हे वाचलं आणि डोळे भरून आले. पुढचं वाचवेना. तसाच शिवाकडे दिला. माजी नगरसेवकांचा संदेश पहिला आणि तुझा शेवटचा, असा क्रम त्याने लावलाय.

इतकी वर्षं तुला फटकळ समजत होतो. चुकलो.

तुझा,
हितेंद्र


करी रोड
१८ मार्च

ताई,

नमस्कार वगैरे काही नाही. काय केलंस हे?

रविवारी हॉल खचाखच भरलेला. जुन्या चाळीतले झाडून सगळे आलेले. श्रेया पुढच्या रांगेत, छान साडी नेसून. मी ग्रंथांवर भाषण केलं, लोक गंभीर झाले. नगरसेवकांचा संदेश झाला. मग शिवाने तुझा कागद हातात घेतला. त्याचा आवाज तुला माहीतच आहे, माईक नसता तरी लालबागपर्यंत गेला असता.

पहिला परिच्छेद झाला, मी हात जोडून उभा. आणि मग दुसरा! ‘माझ्या भावाने आपल्या लेकीला करी रोडच्या घरात मुलाच्या बरोबरीने वाटा दिला आहे. कारण हे घर तिच्या आईचं आहे, हे तो विसरलेला नाही. लेकींपुढे हक्कसोडीचे कागद सरकवणारे बाप गल्लोगल्ली असताना त्याने वाटाही दिला आणि वर ग्रंथही दिले.’

टाळ्या! ताई, अशा टाळ्या मंडळाच्या पन्नासाव्या वर्षाला पडल्या नव्हत्या. सुंदराबाई, ज्या गेली दोन वर्षं खुर्चीतून उठलेल्या नाहीत, त्या उठल्या आणि त्यांनी माझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. म्हणाल्या, ‘लक्ष्मी असती तर आज रडली असती रे.’ शिवाने तिथल्या तिथे मला ‘आदर्श पिता’ जाहीर करून टाकलं. नगरसेवक आलेच तर म्हणून आणलेली शाल माझ्या अंगावर घातली. मी काय करणार होतो? माईक घेऊन म्हणू, ‘नाही हो, मी तसा नाही’?

निनाद आला नव्हता, त्याला कुणीतरी व्हिडिओ पाठवला. तेव्हापासून तो खोलीत दार लावून बसलाय. आणि शिवाचं ऐक. दुसऱ्या दिवशी त्याची बहीण डिलाईल रोडवरून आली, त्याच्या दारात उभी राहून म्हणाली, ‘हितूभाऊंनी दिला. तू कधी देतोस?’ आता शिवा लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभा राहतो.

सख्ख्या भावाला भर सभेत फसवलंस. कुठे फेडशील?

हितेंद्र


गिरगाव
२२ मार्च

चि. हितेंद्र,

फसवलं? कागद तीन आठवडे तुझ्याकडे होता. शेवटपर्यंत वाच म्हणून मी दोनदा लिहिलं. तू स्तुतीपर्यंत वाचलास आणि रडायला लागलास. ज्याला बहिणीचं एक पान पुरं वाचवत नाही, तो मुलीसाठी ग्रंथांचं कपाट भरतो! आणि माईक तुझ्या हाताशी होता. नाही म्हणायला एक शब्द पुरतो. लोकांनी चांगला म्हटलं तर मुकाट ऐकून घेतलंस, आता तेवढं चांगलं व्हायचा खर्च सोस.

शाल जपून ठेव. धुवायच्या आधी रंग बघ.

ताई


माझगाव
३० मार्च, पाडवा

प्रिय आत्या,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून मीही तुमच्यासारखी पत्र लिहायला बसले. लिली आंटीला वाटतंय मी लव्हलेटर लिहितेय. तिने दोनदा येऊन स्पेलिंग हवं का विचारलं.

आधी बातमी. सोसायटीत तिघांची नावं लावायचा अर्ज मी दिला. बाबांनी त्यावर सही केली. कारण खालचा वॉचमनसुद्धा आता त्यांना ‘आदर्श साहेब’ म्हणून सॅल्यूट मारतो. टाळ्यांना कोर्टात काही किंमत नाही, मला माहितीय. पण बाबांच्या लेखी दुसऱ्या कशालाच किंमत नाही.

आता दुसरं. तू खूश असशील. होऊ नकोस एवढी.

मी सही करणारच नव्हते. बाबांना जानेवारीतच तोंडावर सांगितलं होतं, नाही करणार. त्यांना वाटलं, पुस्तकं बघून विरघळेन. वकिलाला मी मागच्या वर्षीच भेटले होते. त्या रविवारी मी छान साडी नेसून गेले होते ती सगळ्यांसमोर उठून नाही म्हणायला. चार वाक्यं पाठ केली होती, आत्या. आरशासमोर. मला बोलताना घाम फुटतो, तरी केली होती. आणि शिवाकाकांनी तुझा कागद वाचला, टाळ्या पडल्या, माझी वाक्यं माझ्याकडेच राहिली.

बाबांनी माझ्यासाठी पुस्तकं ठरवली, निनादने घर ठरवलं, तू भांडण ठरवलंस. मला विचारलं कुणी? तुझ्या अबोली साडीचा सूड तू बाबांच्या समारंभात माझ्या नावाने घेतलास. घे, मला चालेल, साडी खरंच भिकार होती, आई सांगायची. पण आधी कळवायचं ना गं. मी तुला माझं नाव आनंदाने वापरू दिलं असतं.

आणि मार्गदर्शनाचं म्हणशील तर आई माझ्यासाठी एक पुस्तक ठेवून गेली नाही. पण आजोबा गेले तेव्हा सगळे तिला म्हणत होते, खोली जावयाच्या नावावर कर, बरं दिसतं. नातेवाईक बोलले, शेजारी बोलले, बाबा तर बोललेच. मी लहान होते, दारात बसून बघत होते. आई सगळ्यांचं ऐकायची, ‘भात लावलाय’ म्हणायची आणि आत जायची. दर वेळी तेच. वर्षभर आमच्याकडे भात शिजत होता. खोली तिच्या नावावर राहिली. एवढं मला पुरतं.

तू निवडलेली पुस्तकं उघडून बघितली. शी! गिरगावात एवढी घाण होती? मी ती नेली नाहीत. आंटीच्या माळ्यावर माझी एक बॅग कशीबशी मावते. बाबांना म्हटलं, राहू देत तुमच्याकडेच. मुलांनीसुद्धा आईवडिलांसाठी काहीतरी ठेवायला हवं.

तुझी,
श्रेया


गिरगाव
५ एप्रिल

चि. श्रेया,

कान उपटलेस ते बरं केलंस. मी क्षमा वगैरे मागत नसते, तुझ्या बापाला विचार. पण त्या चार वाक्यांसाठी मला तुझं पत्र आल्यापासून चुटपुट लागलीय. गिरगावात ये. मी खुर्चीवर बसते, तू उभी राहून म्हण. मध्ये बोलणार नाही. दूध आधीच उतरवून ठेवीन.

आत्या


करी रोड
२१ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. राग गेलेला नाही, हे आधी लिहून ठेवतो. पण जे झालंय ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

घरात कुणी बोलायला नाही. निनाद दार लावून असतो. शिवाचं तुला सांगितलंच. श्रेया रविवारी आली, जेवली, आणि टेप काढून मागच्या खोलीचं माप घेऊन गेली. मला नुसतं म्हणाली, ‘बाबा, टोक धरा.’ मी धरलं.

दिवस जात नाही म्हणून शेवटी कपाट उघडलं आणि ते त्यागावरचं काढलं. तू मला ऐकवलं होतंस, म्हणून हट्टाने शेवटच्या पानापर्यंत वाचलं. पाच दिवस लागले, मान धरली.

ताई, हा कोण माणूस आहे? म्हणतो, उतारवयात माणसाने घरातली जागा आपणहून सोडावी. मुलाबाळांच्या वाटेतून बाजूला व्हावं. जे आपलं कधी नव्हतंच ते आपलं म्हणून धरून बसू नये. कोपऱ्यात जे मिळेल त्यात भागवावं, कुणी आभार मानायची वाट बघू नये, आणि वर सदैव हसतमुख राहावं. हसतमुख! मला सांगतो! याचं स्वतःचं काही गेलंय का कधी? करी रोडला याचं काही आहे का? घरात आरामात बसून दुसऱ्याला सोड म्हणायला काय जातं!

मी म्हणतो, असली पुस्तकं पोरीबाळींच्या हातात देतातच कशी? कोवळ्या वयात हे वाचलं तर माणूस आयुष्यातून उठेल. तुमच्या वाचनालयाने हे इतकी वर्षं ठेवलं कसं, कुणी तक्रार केली नाही? लेखक हयात असेल तर त्याचा पत्ता पाठव. मला त्याला चार शब्द सुनवायचेत.

हितेंद्र